तेल आधी पाहावे



आपल्या पुष्कळ खेड्यांत बैलगाडीची जागा आता मोटारसायकलीने व जीपगाडीने घेतली आहे. उपदेशक तिच्यावरून वाडीवाडीची भक्ति चालवावयास जातात, आणि रात्री कोणी बाई अडली तर तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी तीच असते. बैल दमला तर त्याच्या डोळ्यांवरून कळते, आणि त्याला वैरणपाणी देण्यास कोणी चुकत नाही. इंजिन मात्र झिजू लागले तरी बहुधा शेवटपर्यंत गप्पच राहते. म्हणून त्याची निगा राखणे हा आपल्या कारभारीपणाचा एक भाग आहे, असे आम्ही समजतो.

इंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहा. निकोलाउस ओटो ह्या जर्मन गृहस्थाने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले. हवा व इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे, हे ते चार टप्पे होत. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टन एका सेकंदात ५० वेळा वर व ५० वेळा खाली जातो. जळत्या वायूची उष्णता क्षणभर २००० अंशांच्याही वर जाते. आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, ते ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते! असे असता पिस्टन टिकतो, कारण ती उष्णता हवा, पाणी व ऑइल सतत वाहून नेतात; आणि धातूवर धातू घासू नये म्हणून ऑइलचा एक पातळ थर मध्ये उभा असतो. तो थर गेला की इंजिन जाम होते.

तर काय करावे? पहिली गोष्ट, ऑइल पाहावे. गाडी सपाट जागी सरळ उभी करावी. इंजिन थोडे चालवून बंद करावे व काही मिनिटे थांबावे. मग पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे; कमी नको, तसे फाजीलही नको. किती किलोमीटरांनी ते बदलावे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. जुने ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. तेच पाणी आपली लेकरे पितात. ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

दुसरी गोष्ट, हवेची जाळी. एक लिटर पेट्रोल जळावयास सुमारे ९००० लिटर हवा लागते. वैशाखातील आपल्या रस्त्यांची धूळ त्या हवेबरोबर आत गेली, तर ती सिलिंडर कानशीप्रमाणे घासते. म्हणून एअर फिल्टर वेळेवर साफ करावा किंवा बदलावा.

तिसरी गोष्ट, पाणी. ज्या गाडीस रेडिएटर आहे, त्याचे झाकण इंजिन तापलेले असता कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते. झाकण निघताच ते वाफ होऊन उसळते व तोंड भाजते.

चौथी गोष्ट, ऑइलचा तांबडा दिवा चालता चालता लागला तर तेथेच थांबावे. "गाव जवळच आहे," असे म्हणून पुढे नेणाऱ्याचे इंजिन गाव येण्यापूर्वीच बसण्याचा संभव असतो.

कोणी म्हणेल, "गाडी तर चालत आहे, मग खर्च कशाला?" बंधूंनो, दहा कुमारींचा दाखला आठवा. पाच मूर्ख कुमारी काही दुष्ट नव्हत्या. दिवे त्यांच्याही हाती होते, आणि ते काही वेळ जळतही होते. तेलाचा विचार त्यांनी पुढे ढकलला एवढेच, आणि उणीव कळली ती मध्यरात्री, जेव्हा भरून काढावयास वेळ उरला नव्हता. आपल्याही दारी हाक बहुधा अशाच वेळी येते. अडलेल्या बाईस अर्ध्या वाटेत थांबवून आपण काय सांगणार? आपली प्रीति खरी होती, पण पट्टी पाहिली नव्हती, असे सांगणार काय?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ऑइल काळे होते ते बहुतकरून इंजिनातील काजळी आपल्या अंगावर घेते म्हणून. काळे होणे हा त्याचा दोष नव्हे, ती त्याची सेवा होय. परंतु सेवा करणाऱ्यासही वेळोवेळी नवे व्हावे लागते. जो उपदेशक रात्रंदिवस इतरांची दुःखे वाहतो, त्याने आपल्या विसाव्याची व एकांतातील प्रार्थनेची वेळ चुकवू नये.

जेथे मंडळीची गाडी आहे, तेथे पंचांनी हे काम एका माणसाच्या नावे लावून द्यावे; कारण जे सर्वांचे असते, ते कोणीच पाहत नाही. एक वही ठेवावी आणि तीत तारीख, किलोमीटर व केलेले काम लिहावे. आठवड्यातून एकदा पाव घटका ह्या कामी खर्च करा. हे काम लहान आहे, परंतु जो थोडक्यात विश्वासू राहतो, त्याच्यावर संकटाच्या रात्री सारे गाव निर्धास्त विसंबते.