धूम्रपान सोडल्यानंतरचे पहिले दिवस आणि सब्र



रमजानमध्ये दिवसभर विडी-सिगारेटला न शिवणारा माणूस मगरिबच्या अजाननंतर खजूर तोंडात घालतो न घालतो तोच काडीपेटी शोधू लागतो, हे दृश्य आपणास अपरिचित नाही. तेरा-चौदा तास स्वतःला रोखणारा हा माणूस दुर्बल कसा? पण तोच जेव्हा धूम्रपान कायमचे सोडतो, तेव्हा तिसऱ्या दिवशी व्याकूळ होऊन म्हणतो, “माझे ईमानच कच्चे आहे.” हा निष्कर्ष योग्य आहे काय?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी अरबस्तानात तंबाखू नव्हती. ती नंतर आल्यामुळे काही विद्वानांनी तिला मकरूह, तर काहींनी हराम ठरविले. आज तिची हानी निर्विवाद आहे आणि शरीर ही अल्लाहची अमानत आहे. म्हणून ती सोडण्याचा आपला निर्णय हा इबादतीच्या नियतीने घेतलेला निर्णय ठरू शकतो.

परंतु नियत शुद्ध असली तरी शरीर आपला हिशेब मागतेच. निकोटीन मिळेनासे झाले की चिडचिड, बेचैनी, झोपमोड आणि अवाजवी भूक सुरू होते. हा त्रास बहुधा पहिल्या 2-3 दिवसांत सर्वाधिक असतो आणि 2 ते 4 आठवड्यांत ओसरतो. तलफ येणे हा गुन्हा नव्हे. मनात उठणाऱ्या इच्छेवर, ती कृतीत उतरेपर्यंत, पकड नाही, ही इस्लामची शिकवण आहे. तेव्हा तलफ हा ईमानाच्या कमतरतेचा पुरावा नसून सब्राची संधी आहे.

रोजाला सूर्यास्ताची सीमा असते. या त्यागाला ती दिसत नाही, म्हणून मन घाबरते. आपण जन्मभराचा विचार करू नये. एक तलफ काही मिनिटांची असते. तेवढ्या मिनिटांचा एक छोटा रोजा पाळावा. वुजू करावा, पाणी प्यावे, मिस्वाक तोंडात धरावे, दोन रकअत नमाज अदा करावी. ज्या टपरीवर हात आपोआप खिशाकडे जातो, तो रस्ता काही दिवस टाळावा.

एक सावधगिरी मात्र हवी. चिडचिड शरीराची असेल, पण पत्नीला वा मुलांना दुखावणारा शब्द आपला असतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवावे आणि चूक झाल्यास क्षमा मागावी.

आणि एखादे दिवशी पाऊल घसरलेच तर? “आता सारे संपले” हा शैतानाचा वसवसा आहे. एक सिगारेट ओढली म्हणून उरलेले पाकीट संपविण्याची परवानगी मिळत नाही. पश्चात्ताप करावा, पाकीट टाकून द्यावे, पुन्हा निश्चय करावा. तौबेचे दार एकदा घसरणाऱ्यासाठी बंद होत नाही.

उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा; 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

येणारा रमजान आपल्यासाठी असा उजाडो की मगरिबच्या वेळी हात केवळ खजुराकडे जाईल. अल्लाह आपणास तौफीक देवो. आमीन.