अंगणातला दिवा कोणासाठी?



गेल्या महिन्यात चर्चच्या आवारातून बोअरची केबल चोरीला गेली, हे आपणास ठाऊक आहेच. मी लगेच वायरमनला बोलावून भिंतीवर ५० वॉटचा एलईडी फोकस बसवून घेतला. रोज बारा तास लागला तरी महिन्याला १८ युनिट. त्या रात्री मला शांत झोप लागली.

चार दिवसांनी शेजारच्या आजी भेटल्या. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, घरी त्या एकट्याच. म्हणाल्या, "फादर, लाईट लई भारी बसवलाय, पण माझ्या उशाशी रातभर दिवस उगवलेला असतो बघा."

माझ्या मनात आधी आले ते असे : जागा चर्चची, बिल चर्चचे, मग आजींची तक्रार कशासाठी? सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना एक विचार परीक्षेपुरता पाठ केला होता. वस्तू आपली म्हणून सांभाळावी, पण वापरताना ती सर्वांची आहे असे मानावे. ज्वारीचे पोते कुलपात ठेवता येते, त्यामुळे तिथे हा विचार टाळणे सोपे जाते. उजेडाला कुलूप नाही. आपण लावला की तो शेजाऱ्याच्याही घरात जातो, त्याने मागितला असो वा नसो.

दिवठणीवरच्या दिव्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. मत्तय (५:१५) सांगतो, तो दिवा घरातल्या सर्वांसाठी असतो. लूक (११:३३) मात्र बाहेरून आत येणाऱ्यांची आठवण ठेवतो. फोकस लावताना मीही येणाऱ्याचाच विचार केला होता, पण चोर म्हणून.

त्या रात्री मी रस्त्यावरून फाटकापर्यंत चालत आलो. डोळे दिपले, पायरी दिसेना, आणि भिंतीपलीकडे काळाकुट्ट अंधार. मण्यार रात्रीच बाहेर पडते. आपल्याकडे पायाखालचे दिसणे अधिक गरजेचे. शिवाय पांढऱ्या झगमगाटावर किडे जमतात, किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे कोण येते ते शेतकऱ्यांना सांगायला नको.

भीती वाटणे हे पाप नव्हे. एकट्या बाईने दारात रात्रभर दिवा ठेवला तर त्याला कोण नावे ठेवील? पण आपली भीती दुसऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवायची का, हा प्रश्न मला सुटेना.

आता फोकस उतरवला आहे. पायऱ्यांवर पत्र्याची टोपी घातलेला ९ वॉटचा पिवळा दिवा आहे, उजेड खाली पडतो. आजी म्हणतात, झोप लागते आणि पहाटे हापशाची वाटही दिसते.

मागचा कोपरा मात्र अंधारातच आहे, आणि केबल तिथूनच गेली होती. तिथे हालचाल झाली की लागणारा दिवा बसवावा काय, याविषयी आज मिस्सानंतर बोलू. आजींनाही बोलावले आहे.