कौल कुणाला मागायचा?

नीटचा निकाल लागला की बुऱ्हाणपूरच्या आमच्या लोधीपुऱ्यात घरोघरी देवाला विचारणं सुरू होतं. मराठी घरांत कुलदैवतापुढं कौल लावतात. उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. बोहरी शेजारी मुलाला घेऊन दर्गा-ए-हकीमीत जाऊन येतात, आणि मोठ्या कामाआधी धर्मगुरू सैयदनांची रजा घ्यायची त्यांची रीत आहे. बडी संगत गुरुद्वाऱ्यात जाणारी शीख मंडळी ग्रंथसाहिब उघडल्यावर जो हुकूम येईल तो मनाशी धरून घरी परततात. माझा जन्म या गावातला आणि नोकरीही इथल्याच शाळेत झाली, त्यामुळं या तिन्ही रीती मी जवळून पाहिल्या आहेत. माणूस घाबरलेला असताना त्या त्याला शांत बसायला लावतात. म्हणून त्यांना कुणी अडाणीपणा म्हटलं की मला वाईट वाटतं.

पण यंदा प्रश्न माझ्याच घरात आला. भाची म्हणाली, ‘‘आत्या, तू आजीसारखा कौल लाव ना. मला आता विचारच करवत नाही.’’

तिला बीएएमएसला जायचं आहे, एवढं नक्की. कुठं जायचं, तिथं गाडी अडली होती. गावातच पंडित शिवनाथ शास्त्री शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. इंदूरला अष्टांग, उज्जैनला धन्वंतरी, भोपाळला खुशीलाल शर्मा, हीही सरकारीच. पुण्याचे नातेवाईक रास्ता पेठेतल्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयाचं नाव काढतात. पण पोरीचा दाखला मध्य प्रदेशचा, मूल निवासी इथली. तिच्या आईचं माहेर महाराष्ट्रातलं रावेर, गाडीनं तासाभराच्या आत पोचता येतं. तरी महाराष्ट्राच्या फॉर्ममध्ये ती परराज्यातली. तिथं बाहेरच्यांसाठी खुल्या असलेल्या थोड्या जागांवरच तिला नशीब अजमावता येईल. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. तिचा बाप, म्हणजे माझा दादा, यंत्रमागाचा जॉबर आहे. एवढी वर्षं बाहेरगावच्या खोलीचं भाडं भरणं त्याला सोपं नाही, आणि हे तो तोंडानं बोलत नाही.

कौल लावायच्या आधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करावी असं मला वाटलं. देवाकडं या प्रश्नाचं उत्तर तयार असतं का? प्रत्येक मुलाच्या नावानं एकच कॉलेज लिहून ठेवलेलं आहे, ते सापडलं तर जन्माचं सोनं आणि चुकलं तर माती, असं खरंच आहे का? एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर चॉईस भरायला बसलेल्या आई-बापांच्या चेहऱ्यावर मला हीच भीती दिसते. क्रम थोडा इकडचा तिकडं झाला तर लेकराचं भाग्य हुकेल, असं त्यांना वाटत असतं. ही भीती धर्मातून आलेली आहे असं आपण समजतो. मला तसं वाटत नाही.

गीतेत अर्जुनाचा पेच याहून कितीतरी मोठा होता, आणि विचारायला प्रत्यक्ष श्रीकृष्ण समोर होते. एका शब्दात कौल द्यायचा तर पहिल्याच अध्यायात देता आला असता. त्याऐवजी सगळी चर्चा झाली: आत्मा, कर्म, भक्ती, गुण. आणि अठराव्या अध्यायात, सांगायचं ते सगळं सांगून झाल्यावर, याचा पुरता विचार करून मग तुझ्या इच्छेप्रमाणं वाग, या अर्थाचं बोलून भगवंतांनी निर्णय अर्जुनाकडं परत दिला. त्यानंतर ‘मला शरण ये’ हेही सांगितलं. पण आधी निर्णय त्याच्या हातात ठेवला. मी पुनःपुन्हा या जागी थांबते. ज्याला सगळं ठाऊक आहे तोही समोरच्याच्या वतीनं ठरवत नाही. तो त्याला ठरवण्याजोगा करतो. मग सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या वतीनं ठरवायला मी फुलाला कसं सांगू? उद्या होस्टेलवर तिला रडू आलं तर ती म्हणेल, देवानं मला इथं पाठवलं. आणि त्या दिवशी तिला देवाची सगळ्यात जास्त गरज असेल.

दुसरं उत्तर स्वधर्माचं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दर रविवारी प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. धुळं आमच्या खानदेशातलंच, म्हणून आमच्या वडिलांना त्या प्रवचनांच्या पुस्तकाचं फार कौतुक. त्यात विनोबा सांगतात की स्वधर्म शोधत हिंडावं लागत नाही, तो जन्माबरोबरच आलेला असतो. आपण ज्या आई-बापांच्या पोटी आलो, ज्या शेजाऱ्यांत वाढलो, त्यांची सेवा आपोआप आपल्या वाट्याला आलेली असते. हे मला मनापासून पटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि तेव्हा निमाड जिल्ह्यात असलेलं आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. भाचीनं ते निवडलं नव्हतं. तिची मराठी, तिचा मूल निवासीचा दाखला, दादाची कमाई, लूममधली धूळ छातीत घेऊन खोकणारी गल्लीतली माणसं, यातलं काहीच तिनं निवडलेलं नाही. स्वधर्माचा हिशेब इथून मांडायचा.

पण हेच सांगणाऱ्या विनोबांनी स्वतः काय केलं? २५ मार्च १९१६ ला ते बडोद्याहून मुंबईला इंटरच्या परीक्षेसाठी निघाले होते. वडिलांना मुलानं शिकून मोठं व्हावं असं वाटत होतं. शाळेत असताना त्यांनी त्याला फ्रेंच घ्यायला लावलं होतं. विनोबा मध्येच सुरतेला उतरले, वडिलांना पत्र टाकलं आणि काशीची वाट धरली. शाळेचे दाखले त्यांनी त्याआधीच आईच्या चुलीत जाळून टाकले होते. सुरतेहून भुसावळमार्गे काशीला जाणारा रूळ आमच्या बुऱ्हाणपूर स्टेशनातून जातो. विशीतला तो मुलगा या फलाटावरून पुढं गेला असेल, या विचारानं मी त्या स्टेशनात दर वेळी क्षणभर गप्प होते. जन्मानं मिळालेल्या माणसांची सेवा म्हणजे स्वधर्म, तर मग बापाची इच्छा मोडून निघालेल्या मुलाचा स्वधर्म कुठला?

पुष्कळ वर्षं विचार करून मला जे उमगलं ते सांगते. विनोबांचा निर्णय सुरतेच्या फलाटावर झालेला नव्हता. लहानपणीच त्यांनी ब्रह्मचर्याचा संकल्प केला होता, आणि पुढची सगळी वर्षं त्या संकल्पाला धरून काढली होती. सुरतेला ते फक्त गाडीतून उतरले. दुसरं म्हणजे, जायचं नेमकं कुठं हे त्यांनाही माहीत नव्हतं. मनात एकीकडं हिमालय होता, दुसरीकडं क्रांतिकारकांचा बंगाल. दोन्हीकडं ते गेले नाहीत. ७ जून १९१६ ला ते अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात गांधीजींसमोर उभे राहिले, आणि हिमालयातली शांती आणि बंगालची क्रांती दोन्ही आपल्याला तिथं मिळाली असं ते पुढं सांगत. दिशा त्यांची पक्की होती, मुक्काम नंतर ठरला. आणि ज्या समाजाचं ऋण घेऊन जन्मलो त्यापासून तो मुलगा पळून गेला नव्हता. पुढं भूदानासाठी तो गावोगाव पायी हिंडला.

म्हणून मला वाटतं, देवाला कॉलेजचं नाव विचारण्यात अर्थ नाही. ऋण जन्मानं मिळतं; ते फेडायला कुठं शिकायचं, हे आपल्या बुद्धीनं, पैशाचा आणि तब्येतीचा विचार करून ठरवायचं असतं. नांगर कुठल्या लोहाराकडून आणला हे शेत विचारत नाही. इंदूर मोठं शहर आहे, उज्जैन-भोपाळची नावं मोठी आहेत, आणि गावातल्या कॉलेजात रोज घरचं जेवण आहे. एकीकडं गेल्यानं दुसरीकडचं थोडं सुटेल, पण कुठंही गेलं तरी धर्म सुटणार नाही. तो सुटतो शिकून आल्यावर, समोरच्या खोकणाऱ्या माणसाला पाहून तोंड फिरवलं तर.

देवाला मागावं असं एक मागणं मात्र आहे, आणि ते मी भाचीकडून रोज करवून घेते. जिथं नंबर लागेल तिथं मन लावून राहण्याचं बळ दे, आणि मागं वळून ‘तिकडं गेले असते तर’ असं झुरायला लावू नकोस. कौल आम्ही लावला नाही. एका संध्याकाळी दादाला समोर बसवलं आणि घरात पैसे किती आहेत, कर्ज किती आहे, हे त्यानं पहिल्यांदा मुलीला स्पष्ट सांगितलं. ते सांगताना त्याचा आवाज कापत होता. मुलगी खाली मान घालून ऐकत राहिली, मग तिनं वही ओढली आणि क्रम स्वतः लिहिला: पहिलं बुऱ्हाणपूर, दुसरं इंदूर, मग उज्जैन, मग भोपाळ. पुण्याचं नाव तिनं घातलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

चॉईस लॉक करायच्या आधी देवघरात दिवा जरूर लावा, दर्ग्यावर जा, गुरुद्वाऱ्यात माथा टेका. पण त्याआधी एक संध्याकाळ मुलासमोर बसा, घराची खरी स्थिती त्याला सांगा, आणि निर्णय त्याच्या हातात ठेवा.