सोडलेले ओझे गेले कुठे?

सज्जनहो, त्यागाचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. पंढरीच्या वाटेवर चालणारा प्रत्येक जण काहीतरी सोडून आलेला असतो. कोणी व्यसन सोडलेले असते, कोणी भावाशी चाललेला बांधाचा तंटा. नारदांच्या गादीवर उभे राहून चाळीस वर्षे मीही त्याग सांगितला. पण एक प्रश्न त्या चाळीस वर्षांत मला कधी पडला नाही, तो आता गुडघे थकून एका जागी बसल्यावर पडला. आपण जे ओझे खाली ठेवतो ते जमिनीवरच राहते का? की ते उचलून दुसराच कोणी चालू लागतो?

हा प्रश्न मला एका परदेशी, परधर्मी माणसाच्या चरित्राने घातला. माझी नात इतिहास शिकते. डोळ्यांनी मला फारसे वाचवत नाही, म्हणून ती संध्याकाळी वाचून दाखवते. तिच्या पुस्तकात हे चरित्र भेटले. ते आपल्यापुढे ठेवतो. तहानलेल्याने विहीर कोणाची हे विचारू नये.

काळ पाचशे वर्षांपूर्वीचा. युरोपात त्याला प्रबोधनाचा काळ म्हणतात. जुन्या ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांचे अध्ययन नव्या जोमाने चालले होते, छापखान्यांतून पोथ्या घरोघर जाऊ लागल्या होत्या. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी जर्मनीत धर्मसत्तेला जाब विचारला. १५४३ मध्ये कोपर्निकस यांचा ग्रंथ छापला गेला आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हा विचार विद्वानांपुढे आला. रोममध्ये मायकेलअँजेलो हा थोर कलावंत १५०८ ते १५१२ अशी चार वर्षे सिस्टाइन प्रार्थनामंदिराचे छत रंगवत होता. देव पहिल्या माणसाला जिवंत करतो आहे, असे चित्र त्या छतावर आहे.

त्याच काळात जहाजे दूर निघाली. १४९२ मध्ये कोलंबस आपल्या देशाचा रस्ता शोधायला निघाला आणि भलत्याच बेटांवर उतरला. तिथल्या लोकांना त्याने आपले नाव देऊन टाकले, इंडियन. पुढे सहा वर्षांनी वास्को द गामा खरोखर कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवे घेतले. आपल्याकडे तो पैठणच्या भानुदास महाराजांचा काळ. म्हणजे ही लाट आपल्या किनाऱ्यालाही लागलीच होती. पण आजची कथा पलीकडच्या बेटांची आहे.

हिस्पानिओला नावाचे ते बेट. आज त्यावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत. तिथे स्पेनच्या लोकांनी एक रीत पाडली होती, तिचे नाव एनकोमिएंडा. आपल्याकडे वतनात जमीन मिळे, तिथे माणसे नेमून दिली जात. इतकी माणसे तुमची. त्यांच्याकडून खाणीत सोने काढून घ्या, शेत पिकवून घ्या आणि बदल्यात त्यांना धर्म शिकवा. धर्म शिकवणे कागदावर राहिले. सक्तीचे कष्ट, उपासमार आणि पुढे देवीची साथ यांनी काही दशकांतच त्या बेटांवरची मूळ वस्ती जवळजवळ संपली.

१५१० मध्ये तिथे डोमिनिकन पंथाचे काही साधू आले. त्यांनी हे पाहिले. पुढच्या वर्षी, ख्रिस्तजयंतीच्या आधीच्या रविवारी, २१ डिसेंबर १५११ रोजी, सांतो दोमिंगो गावात त्यांच्यातले आंतोनिओ दे मोंतेसिनोस प्रवचनाला उभे राहिले. समोर गावातले सगळे बडे लोक होते. कोलंबसाचा मुलगा दिएगो गव्हर्नर होता, तोही बसला होता. मोंतेसिनोस यांनी त्यांना तोंडावर विचारले, की ही माणसे नाहीत काय? यांना गुलाम करण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला? या पापासह तुम्हाला मोक्ष मिळायचा नाही, हेही सांगितले. ते प्रवचन सगळ्या साधूंनी मिळून तयार केले होते आणि त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या.

माउली, यजमान समोर बसलेला असला की दृष्टांत कसा वळतो हे मला ठाऊक आहे. सावकार समोर असला की आपण दारूवर बोलतो, दारू दुकानदार समोर असला की व्याजावर. मोंतेसिनोस यांनी तसे केले नाही. गावकरी संतापून मठावर गेले, शब्द मागे घ्या म्हणाले. पुढच्या रविवारी ते पुन्हा उभे राहिले आणि तेच अधिक ठामपणे बोलले.

या बेटावर बार्तोलोमे दे लास कासास नावाचे एक गृहस्थ होते. सेव्हिल शहरातले. १५०२ मध्ये अठरा वर्षांचे असताना इकडे आले. पुढे धर्मगुरूची दीक्षा घेतली, पण जमीन आणि नेमून दिलेली माणसे सुटली नाहीत. मोंतेसिनोस यांचे ते प्रवचन आज जगाला ठाऊक आहे ते लास कासास यांनी लिहून ठेवले म्हणून. पण त्या वेळी त्यांच्यावर त्याचा काय परिणाम झाला? काहीही नाही. आपण आपल्या माणसांना बरे वागवतो, मग आपल्याला हे लागू नाही, असे त्यांना वाटे. एका साधूने तर, तुम्ही माणसे बाळगता, तुमच्या पापाची कबुली मी ऐकणार नाही, असे सांगून त्यांना परत पाठवले. त्यांनी वाद घातला आणि घरी गेले. १५१३ मध्ये ते फौजेबरोबर क्युबा बेटावर गेले. तिथे काओनाओ गावी डोळ्यांदेखत कत्तल पाहिली. आणि तरीही त्याच बेटावर पुन्हा जमीन आणि माणसे घेतली.

कीर्तन ऐकून माणूस लगेच बदलत नाही म्हणून खंत करणाऱ्या तरुण कीर्तनकारांनी हे लक्षात ठेवावे. बी पडल्यावर पावसाची वाट पाहावी लागते.

पाऊस १५१४ मध्ये पडला. पेंटेकॉस्टच्या सणासाठी लास कासास प्रवचनाची तयारी करत होते. पोथी उघडली, तर गरिबाच्या तोंडचा घास काढून आणलेला नैवेद्य देवाला पोहोचत नाही, या अर्थाचे वचन समोर आले. ते त्यांनी आधी वाचले नसेल असे नाही. या वेळी मात्र पुढचे पान उलटता आले नाही. दुसऱ्याचे प्रवचन ऐकून न बदललेला माणूस स्वतःच्या प्रवचनाच्या तयारीत बदलला. त्यांनी आधी गव्हर्नरला सांगितले आणि मग १५ ऑगस्टला भर प्रार्थनामंदिरात जाहीर केले, की माझ्याकडे नेमलेली सगळी माणसे मी सोडली. त्यांचे भागीदार पेद्रो दे रेंतेरिया तेव्हा जमैकात होते. परत आले तेव्हा कळले, की त्यांच्याही मनात तिकडे त्या लोकांच्या मुलांसाठी काही करावे असाच विचार चालला होता.

इथे मला तुकोबारायांनी इंद्रायणीत सोडलेली खतपत्रे आठवतात. दुष्काळानंतर लोकांकडून येणे असलेल्या पैशांचे आपल्या वाट्याचे कागद त्यांनी पाण्यात सोडले. कागद बुडाला आणि कर्जदार मोकळा झाला. ओझे खरोखर नाहीसे झाले.

कथा इथे थांबली असती तर तिचे गोड कीर्तन झाले असते. पुढे ऐका.

१५१५ मध्ये लास कासास मोंतेसिनोस यांच्याबरोबर स्पेनला गेले आणि राजदरबारी उभे राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांना इंडियनांचे रक्षक म्हणून नेमले गेले. वसाहतवाले विचारत, ही माणसे सोडली तर खाणी आणि मळे चालवायचे कोणी? तेव्हा या दयाळू माणसाने आपल्या निवेदनात उपाय सुचवला, की दुसरीकडून गुलाम आणावेत, त्यांत आफ्रिकेतले काळे लोकही आणावेत. ही रीत त्यांनी सुरू केली नव्हती. आफ्रिकी गुलाम त्या बेटांवर आधीच येऊ लागले होते. १५१८ मध्ये राजाने एकाच परवान्यात चार हजार आफ्रिकी माणसे नेण्याची मुभा दिली. पण त्या पापाला लास कासास यांच्या शब्दाचा टेकू मिळाला, हे खरे.

पाहा, कसे झाले. एकाच्या खांद्यावरचे जू काढले आणि ते दुसऱ्याच्या मानेवर ठेवायचे सुचवले. डोळे उघडले होते, पण समोरच्या माणसापुरते. जो समुद्रापलीकडे होता, ज्याचे रडणे कानावर येत नव्हते, तो दिसला नाही.

लास कासास यांनी पुढची पन्नास वर्षे इंडियनांसाठी झुंज दिली. १५४२ मध्ये त्यांच्या खटपटीला यश येऊन नवे कायदे झाले, तर वसाहतवाल्यांनी असा दंगा केला की त्यातले वारसाहक्काचे कलम राजाला १५४५ मध्ये मागे घ्यावे लागले. १५५० मध्ये वलादोलिद शहरात पंडितांच्या सभेपुढे त्यांचा सेपुल्वेदा या विद्वानाशी वाद झाला. सेपुल्वेदा यांनी ॲरिस्टॉटलचा राजनीतीवरचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला होता. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, हे त्या प्राचीन ग्रंथातले मत ते पुढे करत. म्हणजे ज्या विद्येने तो काळ उजळला, तीच विद्या बेड्यांसाठीही वापरता आली. ग्रंथ पाठ असणे वेगळे, त्यातून कोणाचे भले करायचे ही बुद्धी वेगळी.

पण लास कासास यांना मी हात जोडतो ते एका वेगळ्या कारणासाठी. म्हातारपणी त्यांनी आपल्या मोठ्या इतिहासग्रंथात आपली ती सूचना स्वतः लिहून ठेवली. आफ्रिकेतल्या माणसांना पकडणे हाही तसाच अन्याय होता, हे आपल्याला उशिरा कळले असे मान्य केले. आणि आपण अजाणतेपणी, चांगल्या हेतूने ते केले, तरी देवाच्या न्यायासनापुढे तेवढे कारण पुरेल याची आपल्याला खात्री नाही, असेही लिहिले. शत्रूने हे शोधून काढले नव्हते. इतरांच्या पापांचा पाढा लिहिताना त्यांनी त्यात स्वतःचे पान घातले. १५६६ मध्ये माद्रिद इथे त्यांनी देह ठेवला.

नातीने हे वाचले आणि मी तिला म्हणालो, आज इथेच थांब. कारण मला माझा मृदंग वाजवणारा आठवला.

बेचाळिसाव्या वर्षी मी बिदागी घेणे सोडले. हरिकथा विकायची नाही, हे संतांचे सांगणे आहे आणि ते मी आजही मानतो. लोकांनी माझे कौतुक केले, हार घातले. पण महाराज काही घेत नाहीत म्हटल्यावर गावोगावचे यजमान मृदंगवाल्याला आणि चाल म्हणणाऱ्यालाही काही देईनासे झाले. मी एका शब्दाने सांगू शकलो असतो, की माझे नका देऊ, त्यांचे द्या. ते मला सुचले नाही. खरे सांगायचे तर कौतुकाच्या आवाजात ऐकू आले नाही. एकदा पखवाजाची पुडी फाटली तेव्हा ते गृहस्थ माझ्याकडे आले. पैसे मागितले नाहीत. म्हणाले, "महाराज, दुसऱ्या फडावर वाजवू का?" मी ताठ्याने म्हणालो, "पैशासाठी वाजवायचं असेल तर खुशाल जा." ते खाली मान घालून गेले.

घरी कारभारणीने त्या सगळ्या वर्षांत दुसऱ्याच्या रानात रोजाने भांगलण केली. ती कधी काही बोलली नाही. शेवटच्या आजारपणात एकदाच म्हणाली, "तुम्ही बिदागी सोडली, पण माझं खुरपं काही सुटलं नाही."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. आता ती नाही. मृदंगवाल्यांच्या गावी मात्र यंदा जाऊन आलो. त्यांनी पाय धुवायला पाणी दिले, चहा दिला. मी माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, हे चेहऱ्यावरून कळले नाही, आणि ते विचारण्याचा मला अधिकारही नव्हता.

म्हणून त्याग वाईट आहे, असे कोणी समजू नये. लास कासास यांनी माणसे सोडली हे योग्यच होते, मी बिदागी सोडली हेही चुकीचे नव्हते. चूक पुढच्या पावलाची होती. सोडून झाल्यावर मागे वळून पाहायचे राहिले. आपण वारीला निघतो तेव्हा गोठ्यातल्या जनावरांचे कोण करते? उपवासाच्या दिवशी आपल्या फराळासाठी चुलीपुढे कोण उभे असते? मुक्काम हलल्यावर ते रान कोण झाडते? त्यांचे नाव घ्यावे, त्यांचा वाटा द्यावा, जमेल तिथे त्यांच्या हातातले काम आपल्या हाती घ्यावे. नाहीतर आपल्या पुण्याचे ओझे त्यांनी वाहायचे आणि हार आपल्या गळ्यात, असे होते.

चाळीस वर्षे मी लोकांना विचारत आलो, काय सोडले? आता कीर्तनाला उभे राहवत नाही, म्हणून हा प्रश्न कागदावरून विचारतो. सोडलेत ते कोणाच्या खांद्यावर गेले, एवढे आज घरी पाहून घ्या. ज्याच्या खांद्यावर गेले असेल तो अजून जवळ असेल, तर आजच त्याच्यापाशी जा.

राम कृष्ण हरी.