मागची जागा

वस्तूत काय असावे हे सांगणे सोपे. तिच्यातून काय काढून टाकावे हे ठरवणे अवघड. ‘बॉबर’ नावाच्या मोटारसायकलीचे वेड हल्ली आमच्या तरुणांना लागले आहे, त्यामुळे हा प्रश्न मला पडला. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतल्या हौशी स्वारांनी गाडी हलकी व्हावी म्हणून पुढचे मडगार्ड काढले, मागचे आखूड कापले, आणि हा घाट जन्मला. 2019 साली ‘जावा’ने ‘पेराक’ ही 334 सीसीची तशीच गाडी थेट कारखान्यातून काढली. बैठक एकच, एकट्याची.

गुण आधी सांगतो. लाल शाई मागाहून. बैठक ठेंगणी, त्यामुळे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. पत्रा कमी, म्हणून खडखडही कमी. अमरावती–अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत घालून जागतिक विक्रम झाला. त्या रस्त्याने पहाटे मूर्तिजापूर ओलांडीत एकट्याने जाण्याचे सुख मी कमी लेखणार नाही. जो घरात सदैव कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी मुलगा असतो, त्याला तासभर कुणाचाच नसण्याचा हक्क आहे.

आता दोष. महामार्ग सोडून खेड्याच्या वाटेला लागले की खड्ड्यांचा हिशेब कंबरेला द्यावा लागतो. पावसाळ्यात आमची काळी माती आखूड मडगार्डाला जुमानत नाही. ती थेट पाठीवर येते. बाजारातली पिशवी कुठे अडकवावी, हाही प्रश्नच. पण हे सारे सोसता येईल. खरा दोष एकच: मागे जागा नाही.

आमच्याकडे गाडी घेणाऱ्याची असते, पण एकट्याची नसते. एस.टी. चुकलेली म्हातारी, परीक्षेला निघालेली पोर, तापाने फणफणलेला शेजारी, या सगळ्यांचा तिच्यावर न लिहिलेला हक्क असतो. आपल्या कायद्यालाही मागच्या माणसाची आठवण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 123 वा नियम सांगतो की मागे बसण्याची सोय असेल तर धरायला मूठ हवी, पाय ठेवायला आधार हवा, आणि लुगडे चाकात जाऊ नये म्हणून आडोसा हवा.

कुणी म्हणेल, काढून टाकणे म्हणजे त्यागच नव्हे काय? 1876 साली शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचा त्याग आठवावा. अंगावर चिंध्या, हाती गाडगे आणि खराटा. स्वतःपुरते त्यांनी सारेच काढून टाकले. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःची जागा आकसली आणि दुसऱ्याची वाढली. बॉबरमध्ये इंजिन आपले राहते, डौल आपला राहतो. कापली जाते ती दुसऱ्याची जागा. याला काटछाट म्हणावे, त्याग नव्हे.

तरी बैठक लांब असली म्हणजे मन मोठे असते असेही नाही. हात दाखवणाऱ्याला धूळ चारून रिकाम्या बैठकीनिशी जाणारे आपण रोजच पाहतो. तेव्हा माझा निवाडा साधा आहे. घरात दुसरे वाहन असेल, तर हौस जरूर करावी. हौसेविना माणूस कोरडा होतो. पण ज्या घराला एकच गाडी परवडते, तिथे दुकानात जाण्याआधी तरुणाने आईला विचारावे, ‘तू कुठे बसशील?’ तिचे उत्तर ऐकून मग पैसे मोजावेत.