सहा आकड्यांची खोटी नोंद

वह्या मिटा आणि माझ्याकडे बघा.

राक्षसभुवन, पांचाळेश्वर, शहागडचा पूल या पट्ट्यातले गोदावरीचे डोह नोंदवून आणायला सांगितलं होतं. भोई मंडळी कुठे जाळं टाकतात, मासा कुठे थांबतो, हे त्यांच्याच तोंडून ऐकून. तुम्ही काठावर गेलात, मोबाईल काढलात, पडद्यावरचे आकडे उतरवलेत आणि परत आलात. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हा आकडा खरा किती?

दशांश चिन्हानंतर सहा सहा आकडे लिहिलेत. सहावा आकडा म्हणजे जमिनीवर जेमतेम अकरा सेंटिमीटर. तुमचा फोन मोकळ्या आभाळाखाली, सगळं सुरळीत असताना, पाच मीटरपर्यंत चुकतो. मग तो सहावा आकडा कुठून आला? यंत्राने दाखवला म्हणून लिहायचा? आणि कुणी तर पुलाखाली उभं राहून नोंद घेतली आहे! वर काँक्रीट, बाजूला खांब. उपग्रहाचा संदेश तिथे सरळ पोचत नाही, आदळून उशिरा येतो, आणि यंत्र ते अंतर जास्त धरतं. तिथे पाच मीटरची हमीही उरत नाही.

याहून वाईट पुढे आहे. फळ्याकडे बघा. गेवराईजवळचा अक्षांश, १९ अंश १५ मिनिटं ३० सेकंद. तुमच्यापैकी चौघांनी असले अंक सरळ १९.१५३० असे लिहिलेत. मिनिटं साठ असतात, शंभर नाही, हे पाचवीत शिकलात. खरा आकडा १९.२५८३. या एका आळसाने जागा साडेअकरा किलोमीटरहून जास्त दक्षिणेला सरकली. तिथे जाळं टाकायला पाणी तरी आहे का?

२ मे २००० च्या आधी अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, जागा शंभर मीटरपर्यंत हलायची. तेव्हा यंत्राला दोष देता आला असता. आज नाही. आज दोष तुमच्या निष्काळजीपणाचा आहे.

शिवाय नोंदीवर तारीख नाही. अरे, यंत्र जमिनीवरची जागा सांगतं, पाण्याची खोली सांगत नाही! पैठणच्या धरणातून पाणी सुटलं की वाळू सरकते, उपशाने पात्रात खड्डे पडतात, मागच्या वर्षीचा डोह यंदा उथळ होतो आणि उथळ जागी माणूस बुडेल इतकं पाणी असतं. तुमच्या वहीवर विसंबून कुणाचं लेकरू त्या पात्रात उतरलं तर? मला याची चीड येते. जी माणसं काठावरचा कळस आणि पलीकडचं झाड एका सीधेत धरून, दुसरी सीध तिला छेद देऊन नेमक्या जागी तराफा थांबवतात, त्यांना तुम्ही दोन शब्द विचारले नाहीत.

शनिवारी पुन्हा जायचं. मोकळ्या जागी फोन दहा मिनिटं स्थिर ठेवायचा, अनेक वेळा वाचन घेऊन सरासरी काढायची. दशांशानंतर पाचच आकडे, शेजारी फोनने दाखवलेली चूक मीटरमध्ये, तारीख, पाण्याची पातळी आणि जुन्या भोयाने सांगितलेल्या दोन सीधा. पाण्यात कुणीही उतरायचं नाही. यातलं एक जरी राहिलं, तर त्या पानावर माझी सही मिळणार नाही.