गृहस्थाचे अध्ययन आणि त्याचे मोल

ब्रह्मचर्याश्रमात विद्या संपादन करावी आणि गृहस्थाश्रमात तिचा विनियोग करावा, अशी आयुष्याची मांडणी आपल्या शास्त्रकारांनी केली. परंतु त्याच शास्त्रकारांनी गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत ब्रह्मयज्ञाला, म्हणजे स्वाध्यायाला, स्थान दिले आहे. तैत्तिरीयोपनिषदातील शिक्षावल्लीत गुरुगृह सोडून निघालेल्या शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यातही स्वाध्याय आणि प्रवचन यांत प्रमाद करू नये, असे आवर्जून सांगितले आहे. हा उपदेश घरी जाऊन संसार मांडणाऱ्याला आहे, अरण्यात जाणाऱ्याला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तेव्हा गृहस्थाने शिकावे की नाही, हा वाद फारसा उरत नाही. विचार करावयाचा तो याचा की, त्याच्या शिकण्याचे मोल कोण देतो.

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगरात राहणारी एखादी मराठी शिक्षिका डोळ्यांपुढे आणावी. दिवसा शाळेत चाळीस मुलांचा वर्ग, घरी वृद्ध सासू, नोकरीनिमित्त उशिरा परतणारा पती आणि दहा वर्षांचा मुलगा. मुलगा घरात मराठी, जिन्यात कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतो. अशा मुलांना शिकवावे कसे, हा प्रश्न तिला वर्गात रोज पडतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी तिने शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात नाव घातले आहे. तेही नोकरी सांभाळून. नियमित एम.एड. पूर्णवेळ असल्याने नोकरी सोडल्यावाचून ते साधत नाही. परंतु १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांनी घरी राहून एम.ए. करण्याची वाट मोकळी केली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ पासून प्राथमिक शिक्षणाचा असाच अभ्यासक्रम चालविला, ज्यात काही काळ संस्थेत जाऊन आणि उरलेला घरी राहून शिकावयाचे असे. देशभर अशा शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. त्या पहाटे चारला उठतात, आणि स्वयंपाकघरातील दिव्याखाली जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन किंवा १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली नई तालीम अभ्यासतात.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, हे अध्ययन सकाम आहे. पदवी मिळाली की वेतन वाढेल, मुख्याध्यापकाचे पद मिळेल, या आशेने जे वाचले ते स्वाध्याय कसे? हा आक्षेप वरवरचा आहे. अर्थ हाही पुरुषार्थ आहे, आणि वृद्धांचे औषधपाणी व मुलांचे शिक्षण ज्याच्या माथी आहे त्या गृहस्थाने चार पैशांचा विचार केला म्हणून तो पतित होत नाही. गीतेने फळाची आसक्ती सोडावयास सांगितले आहे. कर्माला फळच नसावे, असे तिने कोठेही म्हटलेले नाही.

मग आसक्ती ओळखावी कशी? तिची एक साधी परीक्षा आहे. अध्ययन न करता पदवी हाती पडत असेल तर मन तिकडे धावते काय, हे पाहावे. दुसऱ्याचा स्वाध्याय उतरवून पाठविणे, पैसे मोजून प्रबंध लिहवून घेणे, हे प्रकार जुनेच आहेत. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र क्षणार्धात पाने भरून देते. ज्याला कर्म नकोसे आणि फळ तेवढे हवेसे वाटते, त्याच्या ठिकाणी आसक्ती पूर्णपणे प्रकट झाली, असे समजावे. (मुक्त विद्यापीठांनी घरी लिहून पाठवावयाच्या उत्तरांना ‘स्वाध्याय’ असे नाव दिले आहे. नाव देणाऱ्याने किती मोठा शब्द वापरला, हे उतरवून काढणाऱ्याच्या ध्यानी क्वचितच येते.) शिक्षकाच्या बाबतीत तर ही फसवणूक दुहेरी आहे, कारण उद्या तोच मुलांच्या वह्यांतील नक्कल पकडणार असतो.

उलट जो मनापासून वाचतो त्याला अर्धवेळ अध्ययनात एक लाभ असा होतो, जो पूर्णवेळ विद्यार्थ्याला दुर्लभ आहे. रात्री वाचावे की भीतीने मुलाची बुद्धी आखडते, आणि सकाळी वर्गात गोंगाट होताच आपलाच आवाज चढावा! ही विसंगती त्याच दिवशी अंगावर येते. गीता ज्ञानाबरोबर विज्ञानाचा उल्लेख करते, आणि विज्ञान म्हणजे अनुभवास आलेले ज्ञान, असा अर्थ भाष्यकारांनी दिला आहे. ग्रंथ मिटल्यावर सहा तासांच्या आत त्याची कसोटी पाहणारी चाळीस मुले समोर बसलेली असावीत, हे शिक्षकाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

येथवर मार्ग सोपा आहे. अवघड भाग पुढे आहे. ती शिक्षिका पहाटे उठते तेव्हा स्वतःची झोप अर्पण करते. ती तिची आहे, तिने खुशाल द्यावी. परंतु रविवारी ती संपर्कवर्गाला जाते तेव्हा मुलाचा रविवार जातो. सायंकाळी ती पुस्तक उघडते तेव्हा सासूची बोलण्याची वेळ जाते. यज्ञात जे हवन करावयाचे ते यजमानाच्या मालकीचे असावे लागते. दुसऱ्याचे द्रव्य न विचारता आहुतीत टाकले तर त्याला दान म्हणत नाहीत.

महाभारताच्या वनपर्वात या प्रश्नावर एक आख्यान आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण सांग वेद आणि उपनिषदे शिकलेला होता. त्याच्या क्रोधदृष्टीने एक बगळी मरून पडली, त्याचे त्याला दुःखही झाले. पुढे एका गृहिणीने पतिसेवेत गुंतल्यामुळे भिक्षेस विलंब लावला, तेव्हा तो पुन्हा संतापला, आणि तिने त्याला मिथिलेच्या धर्मव्याधाकडे पाठविले. एवढी कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु व्याधाने शेवटी कौशिकाला काय सांगितले, ते सहसा सांगितले जात नाही. वेदाध्ययनासाठी तू आईबापांची अनुज्ञा न घेता घर सोडलेस, हे अयोग्य झाले, आणि तुझ्या शोकाने ती दोघे वृद्ध तपस्वी अंध झाली आहेत, असे व्याध म्हणाला. व्याधाने वेदांना नावे ठेवली नाहीत. कौशिकाच्या विद्वत्तेतही त्याने उणे काढले नाही. दोष दाखविला तो अनुज्ञा न घेण्याचा.

आपल्या शिक्षिकेपुरते पाहिले तर ज्या वस्तीत ती राहते त्या वस्तीचे नावही हीच आठवण करून देते. जे. पी. म्हणजे जयप्रकाश नारायण. १९२२ साली ते अमेरिकेस गेले. द्राक्षाच्या मळ्यांत राबून, उपाहारगृहांत कामे करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला आणि १९२९ साली ओहायो राज्य विद्यापीठाची समाजशास्त्रातील एम.ए. पदवी मिळविली. कष्टाने शिकण्याचा हा उज्ज्वल दाखला भाषणांतून नेहमी दिला जातो. त्या सात वर्षांत त्यांच्या पत्नी प्रभावतीदेवी साबरमतीच्या आश्रमात गांधीजी आणि कस्तुरबा यांच्या सहवासात राहिल्या, आणि पती परदेशी असतानाच त्यांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. परत आल्यावर जयप्रकाशांनी ते मान्य केले आणि दोघांनी आयुष्यभर पाळले. कोणी कोणाचा अपराध केला, असे येथे म्हणावयाचे नाही. दोघेही थोर होते. तथापि एकाच्या शिकण्याच्या वर्षांत दुसऱ्याचे आयुष्य जागच्या जागी थांबून राहत नाही, ते आपल्या वाटेने पुढे जाते, हे या दांपत्याच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल.

महाराष्ट्रात या प्रसंगी अनुताई वाघ यांचे उदाहरण पुढे केले जाते. बालवयात वैधव्य आलेल्या अनुताईंनी पुण्यात शिक्षिकेची नोकरी करीत रात्रशाळेत शिकून १९३७ साली मॅट्रिकची परीक्षा दिली, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडकांसमवेत बालशिक्षणाचे मोठे कार्य केले. उदाहरण वंदनीय आहे. मात्र त्यांच्या मागे पती, मुले नव्हती, म्हणून गृहस्थाच्या अडचणीचा उलगडा त्यात होत नाही. संसारी स्त्रीला ‘अनुताईंनी केले, तुला का जमत नाही?’ असे विचारणे अन्यायाचे आहे.

उलगडा हवा असेल तर तो यज्ञसंस्थेतच शोधावा. पती-पत्नी मिळून यजमान होतात, श्रौतकर्मात दोघांचा सहाधिकार असतो, असे मीमांसकांनी ठरविले. पतीने यज्ञ करावा आणि पत्नी शेजारी बसावी, असा आजवरचा परिपाठ. आज विद्येचा यज्ञ पत्नीने मांडला तर पतीने शेजारी बसावयास नको काय? येथे शेजारी बसणे म्हणजे रविवारचा स्वयंपाक, मुलाचा गृहपाठ आणि आईची औषधे ही कामे, पत्नीवर उपकार करतो आहोत असे न मानता, स्वतःचा अधिकार म्हणून करणे. हा अधिकार ज्या पतीला ओझे वाटतो, त्याने पत्नीच्या पदवीचा अभिमान मिरवू नये.

आणि वृद्धांची अनुज्ञा? ती बहुधा गृहीत धरली जाते, विचारली जात नाही. विचारले तर त्या काय म्हणतील, याचे भय वाटते म्हणूनही विचारले जात नाही. समजा, जे. पी. नगरातील त्या सुनेने एका सायंकाळी सासूजवळ बसून म्हटले, ‘‘आई, अजून दोन वर्षे माझे असेच चालेल. तुमच्या वाट्याचा वेळ मी घेते आहे, हे मला कळते. तुम्ही नको म्हणालात तर आपण दुसरा विचार करू.’’ सासू थोडा वेळ गप्प राहील. मग कदाचित म्हणेल, ‘‘तुला नको म्हणणारी मी कोण? पण तू दार लावून वाचतेस ते मला आवडत नाही. येथे माझ्यापाशी बसून मोठ्याने वाच. मला कळले नाही तर मी विचारीन.’’

दुसऱ्या दिवशी दार उघडे राहील. ‘‘हे फुले म्हणजे आपले महात्मा फुलेच ना?’’ असा पहिला प्रश्न येईल, आणि सुनेला पुस्तक खाली ठेवून उत्तर द्यावे लागेल.